घर आपले, किल्ली आपली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मीही दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण अवघे सातवी. मी वेबसाइटवर बोलावे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. पण ठेच मला लागली आहे, म्हणून बोलते.

आमच्या सासूबाईंना रानभाज्यांची फार माहिती होती. वास्ते कसे चिरायचे, टेकोडे कोणते घ्यायचे नि कोणते टाकायचे, कुड्याच्या फुलांची भाजी कशी करायची, हे त्या आपल्या झाडीबोलीत सांगत आणि मी मोबाइलवर लिहून घेई. ते सारे मी एका फुकटच्या ठिकाणी ठेवले. एके दिवशी ते ठिकाणच बंद झाले. आधी सूचना आली होती म्हणे. पण ज्या ईमेलवर आली, तो मी कधी उघडतच नव्हते. तोवर सासूबाई निवर्तल्या होत्या. आता पुन्हा विचारू कोणाला?

असे पुष्कळांचे झाले आहे. जिओसिटीज २००९ साली मिटले. टाइपपॅड २००३ पासून चालू होते, तेही सप्टेंबर २०२५ अखेर बंद झाले. आणि तिथे तर लोक पैसे भरत होते. म्हणजे पैसे मोजले की टिकेलच, असेही नाही.

पुढे नागपूरचा भाचा आला. त्याला म्हटले, "बाबा, मला पुन्हा लिहायचे आहे. पण आधी नीट समजावून सांग." त्याने तीन वाटा सांगितल्या.

पहिली ब्लॉगर. हे १९९९ साली निघाले आणि २००३ पासून गूगलकडे आहे. पैसा लागत नाही, देखभाल नाही. पण घर दुसऱ्याचे. मालकाच्या मर्जीवर राहायचे.

दुसरी वर्डप्रेस. हेही २००३ चे. हे सॉफ्टवेअर कोणालाही घेता येते, वापरता येते, बदलता येते. मात्र ते ठेवायला जागा भाड्याने घ्यावी लागते. एका जागेवाल्याशी पटले नाही, तर सामान उचलून दुसऱ्याकडे जाता येते. पण नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, आणि शोभेसाठी प्लगइन फार जोडले तर चोरवाटा वाढतात.

तिसरी वाट ह्यूगोसारख्यांची. त्यात साधी, हलकी पाने तयार होतात. रेंज कमी असलेल्या गावातही ती लवकर उघडतात. पण संगणकावर आज्ञा टाइप करून ती बनवावी लागतात. माझ्यासारखीने चुलीवर भाजी ठेवून मोबाइलवर लिहायचे, तिला ते कसे जमावे?

मी त्याला एकच विचारले, "यातून माझे लिखाण बाहेर कसे काढायचे?" तो हसला. म्हणाला, "मावशी, लोक आत जायची वाट विचारतात, तू बाहेर पडायची विचारतेस!" पण भगिनींनो, खरा प्रश्न तोच आहे. ब्लॉगरमधूनही लिखाण उतरवून घेता येते आणि वर्डप्रेसमधूनही. मी वर्डप्रेस घेतले, कारण जागा बदलली तरी माझी मांडणी मोडत नाही.

दोन गोष्टी मात्र हट्टाने केल्या. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते भाच्याच्या खात्यावर न घेता माझ्याच खात्यावर, माझ्याच ईमेलवर घेतले. तो ईमेल आता रोज उघडते. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला आहे, आणि भाडे भरायची तारीख कॅलेंडरवर मांडली आहे. ती चुकली तर घर जाईल. दुसरे असे, की दर महिन्याला सारे लिखाण पेनड्राइव्हवर उतरवते. वर्डप्रेस देते त्या फाइलीत मजकूर येतो, पण फोटो येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात. म्हणून फोटो वेगळे ठेवते.

आपण बायका दागिना ठेवताना डबा बघतो, कुलूप बघतो, किल्ली कोणाकडे तेही बघतो. लिखाणाचेही तसेच करावे.

सासूबाईंचे अर्धेअधिक गेले ते गेलेच. पण आपल्या मंडळात वडीलधाऱ्या बाया अजून आहेत. त्यांनी सवडीने सांगावे, मी लिहून घेईन. यंदा पाऊस लागला की वास्त्यांपासून सुरुवात करू.