चाकांवरचे घर



आज मी तुम्हांला एका फिरत्या घराची गोष्ट सांगणार आहे. आपल्याकडे धनगर मेंढ्या घेऊन निघतो, तेव्हा घोड्यावर संसार लादतो. जिथे मुक्काम, तिथे घर. अमेरिकेत काही म्हातारी माणसे अशीच फिरतात. पण घोड्यावर नाही, मोटारीत. तिला तिकडे मोटारहोम म्हणतात.

मी टेक्सासला माझ्या मुलाकडे गेलो होतो. एके दिवशी शेजाऱ्याच्या अंगणात एसटीएवढी गाडी येऊन उभी राहिली. शेजाऱ्याचे आईबाप आले होते. दोघेही सत्तरीचे. त्यांनी मला गाडी दाखवली. माझा मुलगा मध्ये बसून अर्थ सांगत होता.

आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, सगळे काही. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, घाण पाण्याची वेगळी. घाण पाणी ठरलेल्या जागीच सोडायचे. वीज मुलाच्या घरातून वायर लावून घेतलेली. खर्चही थोडाथोडका नाही. एवढी मोठी गाडी लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर चालते.

त्यांची मुलगी मिशिगनला असते. मध्ये सुमारे दोन हजार किलोमीटरांचा रस्ता. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडतो. म्हणून हिवाळा मुलाकडे, उन्हाळा मुलीकडे.

मी विचारले, "मुलाचं घर एवढं मोठं. मग रात्री गाडीत का निजता?"

आजीबाई हसल्या. म्हणाल्या, "दिवसभर नातवंडांत असतो. रात्री आपल्या घरी येतो. त्यांनाही मोकळं, आम्हांलाही मोकळं. येण्याआधी विचारतो. किती दिवस राहणार, तेही सांगतो."

आता खरी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी म्हातारबाबांना डोळ्यांनी कमी दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवू नका." मुले म्हणाली, "आता गाडी विकून टाका." आजीबाई लहान मोटार चालवीत. पण या धुडाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. वय अडुसष्ट. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला शिकवा."

रिकाम्या मैदानात शिकणे सुरू झाले. एकदा गाडी मागे घेताना त्यांनी कुंपण पाडले. लाज वाटली. रडू आले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकावर बसल्या.

चाकाजवळ त्यांनी एक कागद चिकटवला आहे. निघताना त्या मोठ्याने वाचतात आणि बाबा हात लावून पाहतात.

"गॅस बंद?"

"बंद."

"वायर काढली?"

"काढली."

"पायरी आत घेतली?"

"घेतली."

एकदा घाईत कागद न वाचताच निघाले. वायर भिंतीत तशीच. ताण बसून तुटली! तेव्हापासून कागद वाचल्याशिवाय गाडी हलत नाही.

मंडळी, तिकडे सगळेच असे हौसेने फिरत नाहीत. 2008 साली मोठी मंदी आली. पुष्कळांची घरे गेली. काही म्हातारी माणसे मग गाडीतच राहू लागली आणि हंगामी कामे करीत हिंडू लागली. तेव्हा गाडी आली म्हणजे सुख आले, असे नाही. मुलांकडे जाणे-येणे टिकले, हे त्या आजीबाईंचे सुख.

आपल्याला एवढी गाडी नको. आपली एसटी आहे. 2022 साली राज्यात पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पासष्टी झालेल्यांना अर्धे तिकीट. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवा.

मुले येत नाहीत म्हणून ओट्यावर झुरत बसू नका. आधी फोन करून विचारा. किती दिवस राहणार ते सांगा. स्टँडवर गाडीची पाटी स्वतः वाचा आणि खुशाल निघा. पहिल्यांदा एखादी पाटी चुकेल. चुकू द्या. आजीबाईंनीही कुंपण पाडलेच होते.

एवढे बोलून मी थांबतो. राम राम.