पाहणे आणि पारखणे



ख्रिस्ती कुटुंबाने दूरचित्रवाणी कशी पाहावी, हा विषय मुरगूडच्या व्याख्यानमालेत कशासाठी, असा प्रश्न पुढल्या रांगेतील काही मुद्रांवर मला स्वच्छ वाचता येतो. त्यावर माझी कैफियत इतकीच की रिमोटवरून होणारे तंटे जातधर्म विचारून होत नाहीत. (हशा) १८५२ साली मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरास आले तेव्हापासूनचा मिशनचा वृत्तांत, कोडोलीचा दवाखाना, शाळा, हे सारे आपणांस विदितच असल्यामुळे त्यात वेळ दवडीत नाही.

२५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' मालिका दर रविवारी सकाळी साडेनऊला दाखवू लागले, म्हणजे पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांच्या नेमक्या उपासनेच्या वेळी. आमच्या वडिलांनी सेटवर चादर घातली. परिणामी आम्ही भावंडांनी शेजारच्या काकूंच्या ओट्यावरून सीताहरण पाहिले, उपासनेस उशिरा पोहोचलो आणि विलंबाचे कारण सायकलच्या पंक्चरवर ढकलले. बंदीच्या हुकुमाने घरातील भक्ती वाढते असे ज्यांचे मत आहे त्यांनी त्या काळातील पंक्चरांची गणती करावी! (हशा)

पौलाने थेस्सलनीकाकरांस पारख करावयास सांगितले, डोळे मिटावयास नव्हे. आणि माझा आग्रह असा की जे पाहून आपल्या हातून काहीतरी निपजते, तेच पाहणे पारखून झाले असे समजावे. याचा सर्वांत मोठा दाखला ख्रिस्ती नसलेल्या एका गृहस्थाचा आहे. १९११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूवजा चित्रगृहात ख्रिस्तचरित्राचा मूकपट चालू होता आणि प्रेक्षकांत धुंडिराज गोविंद फाळके बसले होते. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनीच पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. ते घरी आले, पत्नी सरस्वतीबाईंस घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहावयास गेले. पुढे विमा गहाण ठेवून कर्ज काढले, विलायतेस जाऊन यंत्र आणले, आणि सरस्वतीबाईंनी सगळ्या घराचा स्वयंपाक सांभाळून रात्री अंधारात कच्च्या फितीच्या कडांना भोके पाडावयाची, हा संसार १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'पर्यंत चालला. परधर्माचा चित्रपट पाहिल्याने त्यांचा धर्म गेला नाही, उलट... (अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) दहा मिनिटे उरली म्हणतात. फाळक्यांनी माझा अर्धा वेळ खाल्ला खरा, परंतु ते कोल्हापूरकरांस जड वाटू नये. चित्रपटकार बाबुराव पेंटरांच्या जिल्ह्यात फाळक्यांचा एवढा मान राहावयासच हवा!

तर मुद्दा असा की आमच्या ख्रिस्ती पूर्वजांनीही हेच केले, दुसऱ्यांचे पारखून त्यातून आपले काही निपजविले. नवख्रिस्ती लोकांस पुराणश्रवणाची गोडी होती. फादर स्टीफन्स यांनी त्यांस पुराण ऐकू नका एवढे सांगून थांबण्याऐवजी १६१६ साली मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापून त्यांच्या हाती दिले. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले, तेव्हा नाके मुरडणारे थोडे नव्हते. या परंपरेचे वारस आपण, आणि हातात मोबाइल घेऊन प्रत्येकजण वेगळ्या कोपऱ्यात बसतो! प्रत्येकाचा पडदा निराळा असल्यावर कोणी काय पाहिले हे घरात बोलावयाचे तरी कोणाशी? म्हणून सासूसुनेच्या मालिकेतले कपट सगळ्यांनी मिळून पाहावे, त्यावर भांडावे, आणि जेवणानंतरच्या प्रार्थनेच्या वेळी तो विषय लाजत का होईना निघू द्यावा. मुलांस नाटुकले बसवावयाचे असेल तर दिवाणखाना द्यावा.

कोणीतरी मागून विचारतात, मुलांनी वाईटच पाहिले तर? हो, असे काही बंद करावे लागते, माझ्या घरीही करावे लागते; मी काही सरसकट मुभेचा वकील नव्हे. फक्त बंद करताना कारण सांगावे, आणि कारण सांगता येत नसेल तर चालू ठेवावे.

पाळकसाहेबांचा एक प्रश्न राहतो: येशूचे चित्रपट तरी डोळे झाकून दाखवावेत काय? 'करुणामयुडु' या १९७८ च्या तेलुगू चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'दयासागर' गावोगाव पडदा लावून दाखविली गेली, ती मीही भारावून पाहिली; परंतु तिचेही परीक्षण घरात व्हावयास हवे, नटाच्या वेषाचेसुद्धा. आता मात्र घंटा झाली, तेव्हा साहेब, हा वाद बाहेर चहावर करू.