गाडी तेल का पिते?

श्रोतेहो, राजारामपुरीत गल्ल्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. आणि दर आकड्याला एक ब्रेक! थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला पेट्रोल जळते, आणि ब्रेक दाबला की ते सारे उष्णता होऊन जाते. म्हणून चौक दिसताच मूठ आधीच सोडावी.

कागलहून रोज येणारे एक मास्तर परवा म्हणाले, “गाडी लई प्यायला लागलीया. साठाची पंचेचाळीसवर आली.” मिस्त्रीने इंजिनला हातसुद्धा लावला नाही. गाडी मधल्या स्टँडवर चढविली, न्यूट्रल करून मागचे चाक हाताने फिरविले. ते अर्ध्या फेऱ्यातच थांबले. ब्रेक आवळून बसला होता! शिवाय चेन कोरडी, टायरांत हवा कमी.

हमरस्त्याचा हिशेब निराळा. वेग 40 चा 80 केला, की हवेचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो, बरं का.

अ‍ॅव्हरेज मात्र अंदाजाने सांगू नये. टाकी एका खुणेपर्यंत भरावी, किलोमीटर लिहावेत, पुढे पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून भागावे. मास्तरांनी दुरुस्तीनंतर हे गणित पाचवीच्या फळ्यावरच घातले: 228 किलोमीटर, 4 लिटर. पोरे ओरडली, “सत्तावन्न!”