शिंगे पाहा, पण पारखून पाहा

बैल घेताना आपण आधी शिंगे पाहतो, आणि ते योग्यच आहे. खिलारची शिंगे लांब, मागे वळून वर गेलेली व टोकदार. डांगीची आखूड, जाड. गीरची खाली-मागे जाऊन अर्धचंद्रासारखी वळतात.

मात्र शिंगे तासून, रंगवून आणलेला बैल जपून घ्यावा. तासल्याने शिंगावरील वयाची वलये जातात. वय दातांवरूनच ठरवा. शिवाय वारंवार खोल तासल्याने शिंगाला इजा होते व अशा इजेचा संबंध शिंगाच्या कर्करोगाशी जोडला जातो. हा रोग गाईंपेक्षा बैलांत अधिक, साधारण ५ ते १० वर्षे वयात, बहुधा एकाच शिंगाला होतो. बैल डोके झटकतो, शिंग झाडाला घासतो, मान कलती ठेवतो. शिंगाची पोकळी कपाळातील पोकळीला जोडलेली असल्याने त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. पुढे शिंग मुळाशी ढिले होऊन लोंबते. तोवर थांबू नये. सुरुवातीसच पशुवैद्यकाकडून शिंग मुळापासून काढून घेतल्यास बैल वाचू शकतो. एकशिंगी बैल पोळ्याला शोभत नाही खरा, पण औत ओढतो! जखम भरेपर्यंत मात्र त्याला जुंपू नये व जखमेवर माश्या बसू देऊ नयेत.