कृपेचे नाव : हन्ना

बारशाच्या दिवशी मुलीच्या कानात जे नाव उच्चारले जाते, त्यात आईबापांची एखादी इच्छा साठविलेली असते. कोणी रूप इच्छितो, कोणी ऐश्वर्य. इब्री भाषेतील ‘हन्ना’ या नावाचा अर्थ आहे कृपा, अनुग्रह. आपल्याकडील ‘कृपा’ आणि पोर्तुगीजांची ‘ग्रासा’ या अर्थाने तिच्या बहिणीच म्हणावयाच्या.

या नावाच्या मुळाशी जो धातू आहे, त्याचा अर्थ कृपा करणे, दया दाखविणे असा आहे. त्याच धातूपासून ‘योहानान’, म्हणजे ‘परमेश्वराने कृपा केली’, हे पुरुषाचे नाव सिद्ध झाले. त्याचेच पुढे योहान, जॉन आणि गोव्यात जुवांव झाले. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या नावाचा अर्थ ‘बआल या देवाची कृपा’. कारण त्याची भाषा इब्रीच्याच कुळातली होती.

परंतु नावाला खरे तेज शब्दकोशाने येत नाही, ते धारण करणाऱ्या माणसाने येते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हन्नेची कथा आहे. एलकाना नावाच्या गृहस्थाला दोन बायका होत्या. पनिन्नेला मुले होती, हन्नेला नव्हती. नाव कृपेचे आणि ओटी रिकामी! दरवर्षी कुटुंब शिलो येथे यज्ञासाठी जाई, आणि दरवर्षी तेथे सवत तिला टोचून बोले. पतीचे तिच्यावर प्रेम होते. दहा पुत्रांपेक्षा मी तुला अधिक नाही काय, असे तो विचारी. तरी तिचे अश्रू थांबत नसत.

एके वर्षी ती मंदिरात एकटीच प्रार्थना करीत राहिली. ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता. एली या वृद्ध याजकाला वाटले, ही स्त्री मद्य पिऊन आली आहे. त्याने तिला दटावले. हन्ना रागावली नाही, खालीही वाकली नाही. आपण मद्य घेतलेले नसून दुःखाने भरलेले अंतःकरण देवापुढे मोकळे करीत आहोत, आपल्याला अधम स्त्री समजू नये, असे तिने त्याला विनयाने पण स्पष्ट सांगितले. आपली चूक उमगून त्याने तिला आशीर्वाद दिला. पुढे तिला पुत्र झाला, तो शमुवेल. त्याचे दूध तुटताच, नवसाप्रमाणे तिने त्याला मंदिराच्या सेवेला वाहिले. मग ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. मागून घेतलेले परत देणारी ही माता!

यहुदी परंपरेने या स्त्रीचा मोठा मान राखला आहे. प्रार्थना कशी करावी, ओठ कसे हलावेत, स्वर किती मंद असावा, याचे नियम तालमुदात हन्नेच्याच उदाहरणावरून घालून दिले आहेत. याजकाने जिला मद्यपी ठरविले, तीच प्रार्थनेची गुरू ठरली. यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सभास्थानांत तिची कथा वाचली जाते. कोकणातील आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल बांधवही या परंपरेचेच.

इब्री ग्रंथ ग्रीकमध्ये गेले तेव्हा आरंभीचा ‘ह’ गळाला आणि ‘अन्ना’ राहिले. लूकच्या शुभवर्तमानात या नावाची एक वृद्ध संदेष्टी भेटते. पवित्र मरियेच्या आईचे नाव मात्र बायबलात नाही. ते दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात येते, आणि तेथेही ते अन्नाच आहे. तीही दीर्घकाळ अपत्यहीन होती असे तो ग्रंथ सांगतो. जुन्या हन्नेची छाया तिच्यावर स्पष्ट दिसते.

या संत अन्नेच्या भक्तीमुळे ॲन, आना, आनी, ॲनेट अशी रूपे युरोपभर पसरली. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडातील प्युरिटन लोक मूळ बायबलाकडे वळले आणि ‘हन्ना’ हे रूप त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेले. तेथील सरकारी नामसूचीत 1880 नंतरची अनेक वर्षे ‘अन्ना’ दुसऱ्या क्रमांकावर होते. पुढे ते मागे पडले. आणि 1998 ते 2000 या तीन वर्षांत ‘हन्ना’च दुसऱ्या क्रमांकावर आले. रोमन लिपीत हे नाव उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहते, ही गंमतही अनेकांना आवडते.

मराठी कानाला मात्र ‘अन्ना’ ऐकताच ‘अण्णा’ आठवतात! बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर काय, किंवा महर्षी अण्णासाहेब कर्वे काय. हा ‘अण्णा’ द्राविडी भाषांतला वडील भाऊ. इब्री अन्नेशी त्याचे काही नाते नाही.

खरे नाते पाहावयाचे तर गोव्यात तिसवाडीतील तळावलीस जावे. तेथे सांत आनाचे भव्य मंदिर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले गेले. तिचा सण 26 जुलैचा. त्या सुमारास, भर पावसात, तेथे तवशांचे फेस्त भरते. मूल नसलेली जोडपी तवसे अर्पण करून अपत्य मागतात. शिलोच्या मंदिरातील मूक विनवणी अशी मांडवीच्या प्रदेशात येऊन पोहोचली आहे.

मात्र त्या विनवणीबरोबर पनिन्नेचे टोमणेही आपल्या घरांत टिकून आहेत. मूल नाही म्हणून सुनेला शुभकार्यात मागे ठेवणारी माणसे कोणत्याही धर्मात दुर्मीळ नाहीत. हन्नेच्या कथेत दोष तिच्याकडे कोठेच नाही. दोष आहे टोचणाऱ्या जिभेचा आणि घाईने निवाडा करणाऱ्या याजकाचा. आपल्या मुलीचे नाव ज्यांनी हन्ना, आना किंवा ॲन ठेवले असेल, त्यांनी ती जाणती झाल्यावर तिला ही कथा अवश्य सांगावी. मागताना ओठ कसे मिटून घ्यावेत, आणि अन्याय झाला तर ते कसे उघडावेत, हे दोन्ही तिला आपल्या नावातूनच शिकता येईल.