वजन वाढते, पण का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)

गणपती बाप्पा मोरया!



सकाळी अथर्वशीर्ष, संध्याकाळी आरती आणि मध्ये मोदक, अशा या दिवसांत वजनावर बोलायला उभा राहिलेला माणूस कोणाला आवडणार? त्यातून मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली बावीस वर्षे रुळांची देखभाल करतो आहे. पण कार्यकारिणीने ‘अनुभवाचे चार शब्द बोला’ असा आग्रह केला, आणि आमच्या घरी जे घडले ते सांगायला सौ.ने परवानगी दिली, म्हणून उभा आहे.

गोष्ट 2017 सालची. बदली होऊन आम्ही इथे बिलासपूरला आलो त्याला दोन वर्षे झाली होती. सौ.चे वजन हळूहळू वाढत होते. तिने भात बंद केला, मंगळवार धरला, पहाटे कॉलनीला चार फेऱ्या मारू लागली. तरी काटा पुढेच. ती म्हणायची, “अहो, मी खरंच काही जास्त खात नाही.” आणि मी हसायचो. एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो, “आमच्याकडे मोदक बाप्पासाठी कमी आणि हिच्यासाठीच जास्त होतात.” सगळे हसले. तीही हसली. पण त्यानंतर तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले. हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

दुपारी ती बसल्या जागी पेंगायची. इथल्या एप्रिलच्या उन्हातही पंखा कमी करा म्हणायची. केस गळत होते, त्वचा कोरडी पडली होती, पोट साफ होत नव्हते. आम्ही प्रत्येक गोष्टीला वेगळे कारण लावले. केसांना इथले पाणी, थकव्याला वय, वजनाला आळस. एका डॉक्टरांनीही “वजन कमी करा” एवढेच सांगून परत पाठवले.

त्या वर्षी गणपतीत आरतीला उभी राहिली आणि तिचा आवाज फुटेना. दरवर्षी हीच आरती सांगते, आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या दिवशी घोगरा, जड आवाज आला आणि ती मागे सरकली. सर्दी असेल म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मानेवरून हात फिरवला, चार प्रश्न विचारले आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. टी.एस.एच. साधारण चारच्या आत असावे लागते. तिचे आले 46.

मित्रहो, आता माझ्या कामातले एक उदाहरण देतो. माझ्या हद्दीत एक जागा होती, तिथे लाइन सारखी खाली बसायची. गँग पॅकिंग करून जायची, पाऊस पडला की पुन्हा तेच. मी मेटवर ओरडायचो की काम नीट करत नाही. शेवटी खडी उकरून पाहिली. बाजूचे गटार बुजले होते, पाणी आत मुरत होते आणि खालची काळी माती चिखल होऊन खडीत वर आली होती. गँग बिचारी प्रामाणिकपणे काम करत होती. दोष खाली होता. ते गटार मोकळे करून घेणारा मीच, पण घरी मात्र नुसता ओरडत राहिलो.

थायरॉइड ही गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. शरीराचे इंजिन किती वेगाने चालवायचे हे तिचे संप्रेरक ठरवते. ते कमी पडले की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ‘अजून बनव’ असा हुकूम जोरात देते. तो हुकूम म्हणजेच टी.एस.एच. म्हणून थायरॉइड मंदावले की हा आकडा वाढतो. बऱ्याचदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटते. जपानचे डॉक्टर हाशिमोतो यांनी 1912 साली या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा पुष्कळ जास्त आढळतो.

उपचार साधा आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी, आणि डॉक्टर सांगतील तसा डोस. मात्र थायरॉइड ठीक असताना बारीक होण्यासाठी ही गोळी कोणी घेऊ नये. हृदयाचे ठोके बिघडतात, हाडे ठिसूळ होतात.

आणखी एक खरी गोष्ट सांगतो. गोळीने सौ.चे वजन एकदम उतरले नाही. जेमतेम चार किलो गेले. थायरॉइडमुळे सहसा थोडेच वजन वाढते आणि त्यातही बरेचसे पाणी असते. बाकीचे चालण्याने आणि जेवण सांभाळल्याने, वर्षभरात उतरले. पण अंगात चालण्याची ताकद आली ती गोळीमुळे.

दुसरे उदाहरण आमच्या एका ट्रॅकमनचे. गुडघे दुखायचे म्हणून बाजारातून बिननावाच्या पुड्या आणून खायचा. दुखणे जादूसारखे थांबले. वर्षभरात चेहरा चंद्रासारखा गोल, पोट सुटलेले, हातपाय मात्र काड्या. पोटावर जांभळे पट्टे, जरा लागले की काळेनिळे, वर साखर वाढलेली. गँगमधले म्हणायचे, “साहेब, याची तब्येत सुधारली.” डॉक्टरांनी ओळखले की पुडीत स्टेरॉइड असणार. अमेरिकेचे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1932 साली वर्णन केलेला विकार तो हाच, आणि आज त्याचे सर्वांत मोठे कारण बाहेरून घेतलेले स्टेरॉइड हेच आहे. ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते, हळूहळूच कमी करावे लागते. तसेच त्यांनी केले. दम्यासारख्या आजारात डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड जीव वाचवते, त्याला घाबरू नका. बिननावाच्या पुडीला घाबरा.

इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सची आणि मानसिक आजाराची काही औषधे यांनीही वजन वाढते. पण आज माझे भाषण ऐकून उद्या कोणी गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा पर्याय असतो.

मुलींची पाळी अनियमित होत असेल, चेहऱ्यावर केस येत असतील आणि वजन वाढत असेल, तर पी.सी.ओ.एस.ची शक्यता असते. आईने लाजू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आपल्यापैकी बरेच जण रात्रपाळी करतात. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याचे सांगणारे कमी होते. पहाटे तीनला समोसा का आठवतो, ते आता कळले असेल! आणि घोरताना श्वास मध्येच अडकत असेल, दिवसा डुलक्या येत असतील, तर ती गाढ झोप नव्हे, आजार आहे. गाडी चालवणाऱ्यांनी तर तो अजिबात लपवू नये.

थोड्या दिवसांत दोन-तीन किलो वाढले, पायावर सूज आली, आडवे झाल्यावर दम लागला, तर ती चरबी नसून साठलेले पाणी असू शकते. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांचा दोष असू शकतो. नुसते पोटच वाढत असेल तरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मोदकांचा काहीच दोष नाही? आहे! बहुतेकांचे वजन खाण्याने आणि बसून राहण्यानेच वाढते. मी स्वतः त्यातला आहे. भारतीयांमध्ये कमरेचा घेर पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा 80 च्या आत असावा असे मानतात. माझा 98 आहे, आणि माझे थायरॉइड उत्तम आहे!

म्हणून विनंती एवढीच. खाणेपिणे सांभाळूनही वजन वाढत असेल, तर एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या. जाताना महिन्या-महिन्याचे वजन आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. आणि घरात कोणी “मी जास्त खात नाही” म्हणाले, तर हसण्याआधी ऐकून घ्या.

त्या दिवशी पाहुण्यांसमोर केलेल्या विनोदाची माफी मी घरी केव्हाच मागितली आहे. पण तो विनोद चारचौघांत केला होता, म्हणून माफीही आज चारचौघांत मागतो.

आता आरतीची वेळ झाली आहे. पहिला सूर सौ.च लावणार आहे. मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!