लवकर पोहोचू या, शेवटपर्यंत सोबत राहू या

(राजूर येथे सेवाकार्याच्या हितचिंतकांसमोर केलेले भाषण)



ताप, बाळंतपण, क्षय यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज मी मनाच्या एका आजाराविषयी बोलणार आहे. डॉक्टर त्याला सायकोसिस म्हणतात. नीट कामाला जाणाऱ्या मुलाची झोप उडते. कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात, घरचेच जिवावर उठलेत असे वाटते. बहुधा हे ऐन तारुण्यात सुरू होते. वस्तीवर लोक म्हणतात, बाहेरचं लागलंय. मग भगत, उतारा, उसनवारी यांत महिने, कधी वर्षे जातात. तोवर काम सुटते, संसार मोडतो.

नॉर्वेतील रोगालँड भागात १९९७ पासून वर्तमानपत्रे, रेडिओ व शाळांतून लोकांना या आजाराची लक्षणे सांगितली गेली. हाक येताच तपासणीला जाणारे पथकही होते. तिथे साधारण ५ आठवड्यांत उपचार सुरू होऊ लागले. मोहीम नसलेल्या भागांत १६ आठवडे लागत. दहा वर्षांनंतर रोगालँडमधले शंभरातले सुमारे ३१ रुग्ण सावरलेले, आपल्या पायांवर उभे होते. इतरत्र सुमारे १५.

पण नुसती सुरुवात पुरत नाही. डेन्मार्कमध्ये पथकाने दोन वर्षे रुग्णाला व कुटुंबाला जवळून साथ दिली. प्रकृतीत चांगला फरक पडला. ती साथ थांबल्यावर, पाचव्या वर्षापर्यंत त्यातला बराच ओसरला.

चांगला शोमरोनी आठवा. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, आणि पुढच्या खर्चाचीही सोय केली. आपली सेवा तशी हवी.

आपल्याकडे दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि गोळ्या तुटतात. बरे वाटले म्हणून मनानेच औषध बंद केले, तर आजार उलटतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पुरेशी औषधे व चिठ्ठी सोबत द्यावी, फडावर फोन करून चौकशी करावी.

मंडळींनी तीन गोष्टी कराव्यात. लक्षणे ओळखा. रुग्णाला बांधून ठेवू नका, हिणवू नका. प्रार्थना जरूर करा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे सोबत जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. तिसरे, आपल्या दानातून एखाद्याचे जालन्याला जाण्या-येण्याचे भाडे द्या. बुडणाऱ्या मजुरीमुळे पुष्कळांची दुसरी फेरी होतच नाही.

प्रभू आपल्याला या कामी बळ देवो.